स्टिकरवर 8 किलोवॅट, आत भलतंच: पिकअप कॅम्परच्या कामात मला घातलेली टोपी

पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर, म्हणजे राहायची-झोपायची छोटी खोली, बांधून घेणाऱ्याला गंडवणं फार सोपं असतं, कारण बहुतेक काम झाकलेलं असतं. वायरिंग पॅनेलच्या मागे, बॅटरी बेडखाली, हीटर कपाटाच्या तळाशी आणि एक्झॉस्टचा पाइप गाडीच्या पोटाखाली. गिऱ्हाइकाला दिसतं ते चकचकीत लॅमिनेट, एलईडीच्या पट्ट्या आणि डिस्प्लेवरचे आकडे. ज्याने माझे पैसे घेतले त्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. शिवाय नाव कळून फारसा उपयोगही नाही, ह्या युक्त्या काही त्याच्या एकट्याच्या नाहीत.

ठरलेलं काम असं होतं: 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर 200 वॉटची दोन सोलर पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), 2000 वॉटचा इन्व्हर्टर, 8 किलोवॅटचा डिझेल हीटर आणि हलक्या प्लायची कपाटं. कोटेशनमध्ये हे सगळं होतं, मॉडेल नंबर मात्र एकाही वस्तूपुढे नव्हता. विचारलं तर म्हणाला, "साहेब, मॉडेल स्टॉकप्रमाणे बदलतं, क्वालिटी तीच राहते." कोटेशनमध्ये मॉडेल नंबर न लिहिण्याचं एवढंच एक कारण असतं: पुढे काहीही बसवता यावं.

पहिली शंका बॅटरीची आली. रात्री छोटा फ्रिज आणि हीटरचा पंखा एवढंच चालू, तरी पहाटेआधी सगळं ठप्प. गंमत म्हणजे मोबाइलमधल्या अ‍ॅपवर तोवर निम्म्याच्या आसपास चार्ज दिसायचा आणि तिथून एकदम शून्य. फोन केला तर उत्तर आलं, "थंडीत बॅटरी अशीच वागते." थंडीत क्षमता थोडी घटते हे खरं, पण निम्मी गायब होत नाही. अ‍ॅपवरची टक्केवारी कशी निघते ते कळल्यावर उलगडा झाला. आतल्या बीएमएसमध्ये, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये, बॅटरीची क्षमता हाताने भरलेली असते. कोणी तिथे 200 भरलं की बीएमएस 200 धरूनच हिशोब करतं, सेल खरोखर किती साठवतात हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून सरळ मोजलं. बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि 55 वॉटचे हेडलाइटचे चार हॅलोजन बल्ब एका पत्र्यावर बांधून तिला जोडले. चार मिळून साधारण 20 अँपिअर ओढतात, वायरला क्लॅम्प मीटर लावून ते पाहून घेतलं. 200 अँपिअर-अवर खरे असते तर बल्ब दहा तासांच्या आसपास जळायला हवे होते. सहा तासही झाले नाहीत आणि अंधार. सगळा वेळ मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवला होता, शेजारी घड्याळ ठेवून. तो व्हिडिओ पुढे फार कामाला आला.

बॅटरीचा डबा उघडला तो सगळ्यात शेवटी, दुसऱ्या एका जाणकार इलेक्ट्रिशियनसमोर. सेलवर नवी कोरी निळी फिल्म होती, तिच्या खाली जुनी फिल्म. टर्मिनल घासून चकाकवलेले, क्यूआर कोड खरवडून काढलेला. म्हणजे दुसरीकडे आयुष्य संपवून आलेले सेल. ह्यात एक पेच आहे: वजन अगदी बरोबर भरतं, कारण सेल आकाराने खरेच 200 चे असतात. 'हलकी असेल तर नकली' हा प्रसिद्ध सल्ला इथे चालत नाही. आणि तापमानाचा सेन्सर सेलला चिकटवण्याऐवजी गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेला. ह्या जातीची बॅटरी 0 अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. ते रोखणं सेन्सरचं काम, आणि सेन्सर सेलचं नव्हे तर डब्यातल्या हवेचं तापमान सांगत होता.

सोलर पॅनेल खरी निघाली. (200 वॉटचं पॅनेल साधारण एक चौरस मीटरचं असतंच, टेप लावून पाहता येतं. फारच लहान असेल तर आकडा फुगवलेला आहे असं समजावं.) कंट्रोलर मात्र खोटा होता. डब्यावर ठळक अक्षरांत एमपीपीटी, आत पीडब्ल्यूएम जातीचा साधा कंट्रोलर. हे ओळखायला डबा उघडावाही लागत नाही. कडक ऊन असताना आणि बॅटरी अर्धवट रिकामी असताना मल्टिमीटरने कंट्रोलरवर पॅनेलकडून येणारं व्होल्टेज मोजायचं, मग बॅटरीकडचं. खरा एमपीपीटी पॅनेलला त्याच्या 18-20 व्होल्टच्या जागी धरून ठेवतो आणि बॅटरीकडे जास्त करंट देतो. साधा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. माझ्याकडे एका बाजूला 13.6, दुसऱ्या बाजूला 13.4. भर उन्हात पॅनेलच्या ताकदीचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा असाच वाया जात होता. हे आकडे सांगितल्यावर तो म्हणाला, "डिस्प्लेवर एमपीपीटी लिहिलंय की!"

इथवरचा मामला पैशांचा. खरा राग आला तो वायर आणि हीटर पाहिल्यावर.

2000 वॉटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर पूर्ण भार घेतो तेव्हा 160 अँपिअरच्या वर करंट ओढतो, आतला तोटा धरला तर आणखी. त्यासाठी लावलेली केबल दिसायला अंगठ्याएवढी जाड होती. थिंबलजवळचं (वायरच्या टोकाला चेपून बसवतात त्या धातूच्या तुकड्याजवळचं) इन्सुलेशन तपकिरी पडलेलं दिसलं म्हणून एक तार काढून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर होती. ती त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरीच कमी करंट वाहते, तापते आणि थिंबलमध्ये हळूहळू सैल होते. थिंबलही क्रिंपिंग टूलने नाही, पक्कडीने चेपलेले. आणि कळस म्हणजे फ्यूज इन्व्हर्टरच्या बाजूला. फ्यूज वायरला वाचवतो, यंत्राला नाही. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हला खेटून हवा. तो दुसऱ्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते, आणि ती कुठे पत्र्याला घासून सोलली तर लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओतते. एवढा करंट तोडायला क्लास टी जातीचा फ्यूज लागतो. माझ्याकडे गाडीच्या स्टिरिओच्या दुकानात मिळतो तसला होता.

हीटरची खोट मोजायला मापाचा ग्लास पुरला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॅट-तास उष्णता असते. 8 किलोवॅट खरे असतील तर पूर्ण वेगावर तासाला 0.8 लिटरच्या वर डिझेल जायलाच हवं. माझा हीटर पूर्ण वेगावर अर्धा लिटरच्या आसपास पीत होता. म्हणजे फार तर 4 ते 5 किलोवॅटचा. खरं तर कॅम्परच्या एवढ्याशा जागेला त्याहूनही लहान हीटर पुरतो, मोठा हीटर सतत मंद चालवला की आत काजळी धरते. तेव्हा ही थाप पचवली असती. पण एक्झॉस्टचा सायलेन्सर त्याने बेडखालच्या कपाटात, आतल्या बाजूला बसवला होता. हे सायलेन्सर पत्रा दुमडून बनवतात, त्यांचे सांधे हवाबंद नसतात आणि काहींना पाणी निथळायला भोकही असतं. त्यांची जागा गाडीच्या बाहेरच. आधीच्या प्रवासांत वापरलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी सवयीने उशाशी ठेवला होता. हीटर सुरू करून बराच वेळ झाल्यावर तो कोकलायला लागला. वास काहीच नाही, डोळ्यांत झोंबणं नाही. दार उघडून बाहेर पडलो आणि मग थोड्या वेळाने आत जाऊन बेडखाली टॉर्च मारला तर सायलेन्सरच्या सांध्याशी प्लायवर काळा डाग. हा वायू हवेएवढाच जड असतो, खाली बसत नाही, म्हणून अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीला हवा. त्या माणसाने अलार्म दिलाच नव्हता, "डिझेलला लागत नाही" म्हणाला होता.

त्याच हीटरचा आणखी एक नमुना: दाराशी लाल मेन स्विच, 'रात्री सगळं एका बटणावर बंद' म्हणून कौतुकाने दाखवलेला. डिझेल हीटरला बंद करताना काही मिनिटं पंखा फिरवून आतलं गार करावं लागतं. मेन स्विच पाडला की तो तापलेलाच थांबतो. त्याची लाइन ह्या स्विचच्या आधी घ्यायची असते.

कपाटांचं थोडक्यात सांगतो. हलकी प्लाय म्हणून 18 मिलिमीटरचा पार्टिकल बोर्ड गळ्यात मारला, कडा झाकायला एज बँडची पट्टी लावून. आठ बाय चारचा असा एक बोर्ड 40 किलोच्या घरात जातो, 12 मिलिमीटरची चांगली हलकी प्लाय त्याच्या निम्म्याने भरते. लपवलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकात पाहिलं की भुसा दिसतो. ड्रॉवरला घरातल्या किचनचे चॅनेल, लॉकशिवाय, त्यामुळे पहिल्याच वळणावर सगळे खण बाहेर. पण खरी चिंता वजनाची. काम देण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घेतली होती, झाल्यावर पुन्हा नेली. नुसत्या कपाटांनीच उरलेल्या पेलोडचा, म्हणजे गाडी वाहू शकते त्या वजनाचा, मोठा घास घेतलेला. माणसं आणि पाणी चढलं की, पाणी तर लिटरला किलो, गाडी ठरवून दिलेल्या एकूण वजनाच्या पुढे जात होती. शक्य असेल तिथे मागचा अ‍ॅक्सल वेगळा तोलून घ्या. वजन मागच्या चाकांच्या पलीकडे पडलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

हे सगळं घेऊन गेल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "डबा उघडलात, वॉरंटी संपली." हे पाठ केलेलं वाक्य असतं. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. बल्ब लावून बॅटरीची चाचणी, दोन बाजूंचं व्होल्टेज, डिझेलचं माप, काट्याच्या पावत्या, ह्यातल्या एकालाही सील तोडावं लागत नाही. हे आधी करून, व्हिडिओ काढून, लेखी तक्रार पाठवली की वॉरंटीची पळवाट बंद होते. शेवटचा हप्ता ह्या चाचण्या त्याच्यासमोर झाल्यावरच द्यायचा असं कोटेशनमध्येच लिहून घ्या. जो ह्याला नाही म्हणेल त्याचं नाही म्हणणंही एक माहितीच आहे.

व्हिडिओ पाहिल्यावर बॅटरी आणि कंट्रोलरचे पैसे त्याने कुरकुरत परत केले. वायर आणि हीटरच्या बाबतीत हात वर केले आहेत, ती तक्रार चालू आहे. हीटर दुसऱ्याकडून उतरवून सायलेन्सर बाहेर घेतला, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत तांब्याची नवी केबल आणि योग्य जागी फ्यूज टाकला. कपाटं अजून तीच आहेत. त्यांच्यामागून छतापर्यंत गेलेली वायरिंग कसली आहे ते ती उतरवल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून तूर्त तिकडचा फ्यूज काढून ठेवलाय आणि आत बॅटरीवर चालणारा सुटा दिवा वापरतोय.