जांबोटीजवळील आकाशदर्शन : मृगाच्या तेजोमेघापाशी एक रात्र

खानापूर तालुक्यात जांबोटीजवळच्या एका शेतात भरलेल्या रात्रभराच्या आकाशदर्शनास पौष अमावास्येच्या आधीच्या शनिवारी मी आणि नववीत शिकणारी माझी मुलगी गेलो होतो. बेळगाव शहरातून मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे तेवढे ठळक दिसतात. येथे त्यांच्या दक्षिणेचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळलेला ढग, नुसत्या डोळ्यांनाही धूसर ठिपक्यासारखा दिसत होता, आणि सहा इंची दुर्बिणीतून त्याचे राखाडी-हिरवट पंख व मध्यभागी दाटीने बसलेले चार तारे स्पष्ट दिसले.

कार्यक्रमाचे खरे मोल मात्र जेवणानंतरच्या तासाभराच्या व्याख्यानात होते. सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या चौघांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यामुळे तो वायू सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापतो, आणि बाहेरच्या अतिथंड वायूपेक्षा त्याचा दाब कितीतरी अधिक असल्याने तो पसरू लागतो, हे व्याख्यात्यांनी घाई न करता सांगितले. खळ्यावरचे भात खराट्याने लोटत नेले की पुढे जशी रास जमते, तसा पसरत्या वायूपुढे थंड वायूचा थर साचत जातो. तो पुरेसा जड झाला की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने त्याचे तुकडे पडून नवे तारे जन्मू शकतात. ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ ब्रूस एल्मेग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी १९७७ साली मांडली. आधीपासून असलेल्या दाट गोळ्याचा पृष्ठभाग किरणांनी तापून बाहेर उसळतो आणि त्या दाबाने गोळा आत चेपला जातो, हा ताऱ्यांच्या जन्माचा दुसरा मार्गही व्याख्यात्यांनी समजावला.

वृश्चिक राशीतील आरसीडब्ल्यू १२० या, अशाच तापून पसरलेल्या वायूच्या बुडबुड्याच्या कडेवरील तरुण ताऱ्यांचे छायाचित्र दाखवल्यावर त्यांनी आवर्जून सांगितले, की हे तारे कडेवर सापडले म्हणजे ते बुडबुड्यामुळेच जन्मले असे सिद्ध होत नाही, कारण तो वायू एरवीही आकसून तेथे तारे घडले असते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. हाती दिलेल्या पत्रकात मात्र ते तारे बुडबुड्यामुळेच जन्मले, असे ठाम सत्य म्हणून छापले होते. ते पत्रक दुरुस्त व्हायला हवे.

चाळीसेक माणसांसाठी एकच दुर्बीण होती, ही मोठी उणीव. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट आला, आणि मोबाइलच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा पुन्हा दिपत होते. जाणाऱ्यांनी लाल कागद लावलेली विजेरी आणि जाड स्वेटर सोबत घ्यावा.

रात्री दोननंतर रांग ओसरली आणि मुलीला निवांत पाहता आले. चार ताऱ्यांच्या अगदी शेजारी उजेडात घुसलेली एक काळी खाच तिलाच आधी दिसली. तो पुढे आलेला थंड, दाट वायू आणि धूळ आहे, असे व्याख्यात्यांनी सांगितल्यावर तिने पुन्हा डोळा लावला.