फिल्टरवर तारीख नव्हती

22,620. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लाजेपोटी पुढे कुठेतरी ‘वीसेक हजार’ म्हणून वेळ मारून नेईन. सकाळी गाडी सर्व्हिसला सोडली तेव्हा जॉब कार्डवर 6,850 चा अंदाज होता. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, लेबर आणि धुलाई. संध्याकाळी किल्ली हातात आली ती 22,620 च्या बिलासकट. मधले 15,770 मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, मोबाइलवर ‘ॲप्रूव्ह’ दाबून मंजूर केले. कुणी मानगूट धरली नव्हती.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. साडेअकराला सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन. ‘सर, गाडी चेक केली, थोडे पॉइंट्स निघालेत.’ पाठोपाठ लिंक, लिंकमध्ये लाल-पिवळे ठिपके. इंजिन फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, 1,450. इंजेक्टर क्लीनिंग 2,900. थ्रॉटल बॉडी 1,180. एसीचं इव्हॅपोरेटर क्लीनिंग 1,990. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, 780. पुढचे ब्रेक पॅड 4,620, त्याचं लेबर वेगळं 850. अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,350. आणि ‘कन्झ्युमेबल्स’ 650. हे कन्झ्युमेबल्स म्हणजे नक्की काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दोन चिंध्या आणि एक स्प्रे असावा.

मी अगदीच भोळा नाही, हेही लिहितो. बॅटरी ‘वीक’ आहे म्हणाला, तिला मी नाही म्हटलं. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट दाखवणाऱ्या बॅटरीला लोड टेस्ट न करता वीक म्हणता येत नाही, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आई-बाबांना घेऊन लांब निघायचं होतं, आणि त्याने बरोब्बर तिथेच बोट ठेवलं. ‘ब्रेकचा प्रश्न आहे सर. फॅमिली बसते ना गाडीत?’ यावर कोण नाही म्हणेल? वर ‘हे केलं नाही तर वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो.’ तेव्हा दचकलो. नंतर घरी वॉरंटीची पुस्तिका वाचली. तिच्या अटीत वेळापत्रकातली सर्व्हिस वेळेवर करा असं आहे. फ्लश, इंजेक्टर, थ्रॉटल यांतला एकही शब्द त्या वेळापत्रकात नाही. ‘वॉरंटी’ शब्द ऐकलात की समोरच्याला म्हणा, पान दाखवा.

आता जिथे मला कळायला हवं होतं तिथे येतो. चार वाजता मी पोहोचलो. ॲडव्हायझर ट्रेमध्ये एक केबिन फिल्टर घेऊन आला. काळाकुट्ट, कोपऱ्यात वाळलेली पानं. ‘बघा सर, तुम्ही हीच हवा घेत होतात.’ शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनीसुद्धा नाक मुरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, जणू माझ्या घरातलाच केर चव्हाट्यावर आणला.

तो फिल्टर मी चारच महिन्यांपूर्वी स्वतः बदललेला होता. ग्लोव्ह बॉक्स काढून, बोटं खरचटून. आणि सवयीप्रमाणे कडेवर निळ्या मार्करने तारीख लिहिली होती. ट्रेमधल्या फिल्टरवर तारीख नव्हती. मी पाहिलं. कडा दिसत होती आणि कोरी होती. मनात आलंही, ‘अरे, तारीख?’ आणि मी स्वतःलाच समजावलं की पुसली गेली असेल, दुसऱ्या बाजूला असेल. ट्रे उलटा करा म्हणायला दोन सेकंद लागले असते. पण चारचौघांत संशय घेणं बरं दिसत नाही ना! या भिडेची किंमत 15,770.

त्या रात्री झोप आली नाही. अकरा वाजता टॉर्च घेऊन खाली गेलो आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवला. आत माझाच फिल्टर. निळ्या मार्करची तारीख, माझंच अक्षर. हवा मारून परत बसवलेला. ट्रेमधला तो मानाचा फिल्टर दिवसभरात किती गिऱ्हाइकांना दाखवतात कोण जाणे.

मग मी मागच्या सर्व्हिसचं कार्ड काढलं. ते सगळा वेळ त्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं. 31,200 किलोमीटरला पुढचे पॅड 7 मिलिमीटर. आता 38,900 ला म्हणे 2 मिलिमीटर. नवे पॅड होते साधारण 11 चे. म्हणजे पहिल्या 31 हजारांत 4 मिलिमीटर झिजले आणि नंतरच्या 7,700 मध्ये 5? असं खरंच झालं असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड दाबून धरणारा भाग, अडकला असावा, आणि तो न बघता नुसते पॅड घालणं हा दुसरा गुन्हा. पॅड मात्र नवे घातलेत, ते मी चाकातून पाहिलं. पण जुने किती उरले होते ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, कारण मी ते मागून घेतले नाहीत. गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या: काढलेले पार्ट डिकीत ठेवणे. नंतर विचारलंत तर ‘स्क्रॅप गेलं सर’. अलाइनमेंटचंही तसंच. मशीन आधीचे आणि नंतरचे आकडे छापून देतं. मी मागितला तर प्रिंटर बंद. स्टिअरिंग एका बाजूला ओढत नव्हतं, टायर वाकडे झिजत नव्हते, मग केलं कशाला हे त्यांनाच ठाऊक.

आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट पुढेच आहे. प्रवासाहून आल्यावर मेव्हण्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. (मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, तुम्ही तर लोकांना शिकवता.’ असो.) त्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलमध्ये पेनासारखा टेस्टर बुडवला. लाल दिवा. माझ्या गाडीच्या पुस्तकात ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी बदला असं स्पष्ट छापलंय. गाडी 3 वर्षांची आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलला किमान 230 अंशांची हमी असते, ओलावा धरलेल्याला 155 ची. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला, ते उकळलं, तर पाय नुसता खाली जातो. म्हणजे ‘फॅमिली बसते ना’ म्हणणाऱ्याने फॅमिलीच्या जिवाशी संबंध असलेलं, पुस्तकात असलेलं, मुदत उलटलेलं एकमेव काम केलंच नाही. सुचवलंसुद्धा नाही. स्वस्तातलं काम, त्यात त्यांना काय सुटणार!

म्हणून सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. पॅड 3 मिलिमीटरच्या आत आले असतील तर बदला, पण मोजताना समोर उभे राहा. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली तर घासाघीस करू नका. एसीला कुबट वास येत असेल तर इव्हॅपोरेटर साफ करा. माझ्या एसीला वास नव्हता. गाडी अडखळत असेल, ॲव्हरेज पडलं असेल तर इंजेक्टर बघा. माझं ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला फ्लश कशाला? आणि फोनवर ॲप्रूव्ह करू नका. ‘आज फक्त पुस्तकातलं करा, बाकी कागदावर लिहून द्या’ एवढंच म्हणा. काम खरंच गरजेचं असेल तर आठवड्याने दुसऱ्याने तपासल्यावरही ते गरजेचंच निघेल.

तक्रारीची कथा तर आणखी रंगतदार. मॅनेजर फिल्टरचा फोटो बघून म्हणाला, ‘हा आमच्याकडचा नाही.’ अहो, तेच तर सांगतोय! कंपनीच्या कस्टमर केअरने तक्रार क्रमांक दिला आणि तक्रार पाठवली कुणाकडे? त्याच मॅनेजरकडे. दोन दिवसांनी मेसेज: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. समाधान कुणाचं? पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, पुन्हा तोच मॅनेजर. असे तीन क्रमांक जमलेत. ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई म्हणाल्या, ‘तुम्ही मंजुरी दिली होती ना? मग आधी कंपनीकडे जा.’ पोलीस चौकीत हवालदाराने बिल उलटसुलट पाहिलं, ‘हा दिवाणी मामला’ म्हणाले आणि माझ्याकडूनच विचारून घेतलं की इंजिन फ्लश करावा का, त्यांनाही सांगितलाय. वाहन खात्यातल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘आमच्याकडे नोंदणी आणि परवाने.’ म्हणजे गाडीची पाटी तिरकी लागली तर दंड करायला माणूस आहे, न बदललेल्या फिल्टरचे 780 घेतले तर त्याला विचारणारं कुणी नाही.

ते 780 मात्र परत मिळाले. ‘गुडविल’ म्हणून, पुढच्या सर्व्हिसमध्ये वापरायचं कूपन. तेही फक्त ठरावीक कामांवर, आणि यादीत पहिलं नाव इंजिन फ्लश. उरलेल्या 14,990 साठी लेखी तक्रार टपालाने पाठवली आहे, फिल्टरच्या फोटोसकट.

मध्ये सर्व्हिस कशी झाली हे विचारणारा फोन आला. मी 10 पैकी 1 गुण दिला. तासाभरात ॲडव्हायझर लाइनवर, आवाज रडवेला. ‘सर, काय केलंत हे? 10 द्यायचे असतात. 9 दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.’

‘पुसून दुसरे लिहायला सांगतो,’ मी म्हटलं, ‘आधी त्या ट्रेमधल्या फिल्टरची दुसरी कड बघून सांग.’

त्याने फोन ठेवला.