जंगलातलं बी घ्यायचं की नर्सरीतली रोपं?

धोक्यात आलेलं झाड परत लावायचं ठरलं की पहिला वाद हाच होतो. जंगलातलं ते आपोआप भारी असं बरेच जण धरून चालतात, पण माझ्या मते बघायचं ते एवढंच की रोपांमागे मातृवृक्ष, म्हणजे बी किंवा कटिंग ज्यांचं घेतलं ती झाडं, किती आहेत.

जंगलातल्या बियांची जमेची बाजू म्हणजे तिथल्या किडीतून, दुष्काळातून तगलेले जीन्स. पण जंगलाचे तुकडे झाले असतील तर गडबड असते, म्हाताऱ्या झाडांची जेनेटिक टेस्ट केली की जीन्समधली विविधता झकास दिसते कारण ती जंगल सलग होतं तेव्हाची, आणि खाली उगवलेली रोपं मात्र नात्यातल्या नात्यात झालेली असू शकतात, म्हणून रिपोर्ट रोपांचाही मागा. ऑस्ट्रेलियातला वोलेमी पाइन बघा, 1994 ला सापडला, जंगलात मोठी झाडं शंभरच्या आत आणि जेनेटिक विविधता जवळपास नाहीच. अस्सल जंगली असून ही गत!

नर्सरीचा फायदा म्हणजे जंगलाला हात लागत नाही. पण रोपं एकाच झाडाच्या कटिंगची असतील तर हजार लावली तरी झाड एकच, आणि स्वतःच्या परागाने फळ न धरणारी जात असेल तर बी धरणारच नाही. बियांची असली तरी एक खोट राहते, ट्रेमध्ये पटकन उगवलेलं ठेवतात आणि उशिरा येणारं फेकतात, पण पहिला पाऊस दगा देतो तेव्हा जंगलात तेच उशिरावाले वाचतात. शिवाय शेजारी भाऊबंद जात लावलेली असेल तर संकर होतो तो वेगळाच.

तरी नर्सरी किंवा बाग सरसकट बाद करू नका. चार ठिकाणांहून आणलेलं बी तिथे असेल तर ती एखाद्या जंगली तुकड्यापेक्षा सरस ठरू शकते. अमेरिकेतलं फ्रँकलिनिया नावाचं झाड तर 1803 नंतर जंगलात कुणाला दिसलंच नाही, आहे ते सगळं लागवडीतलं, तिथे चॉइसच नाही.

जंगलात झाडं भरपूर असतील तर परवानगी काढून साधारण 50 झाडांचं थोडं थोडं बी घ्या, लगडलेल्या एकाच झाडाखाली पोतं भरू नका. मोजकीच उरली असतील तर नोंदी ठेवणारी नर्सरी बरी, मातृवृक्ष किती, कुठले, बी की कटिंग हे विचारा, उत्तर नाही मिळालं तर दुसरीकडे बघा. लांबलांबचं बी मिसळणार असाल तर आधी छोट्या प्लॉटवर, कारण कधीकधी अशा मिश्रणाची पुढची पिढी कमजोर निघते.