10 टक्के कशाचे? हॉटेलात जेवून मदत करावी की थेट पैसे पाठवावेत

लंडनमध्ये एखाद्या हॉटेलच्या काचेवर ‘आज आमच्याकडे जेवा, 10 टक्के भूकंपग्रस्तांना’ अशी पाटी दिसली की मी बसण्याआधी एवढंच विचारतो: 10 टक्के कशाचे? विक्रीचे की नफ्याचे? वेटर आत जाऊन विचारून येतो, आणि बरेचदा मालकानंही ते ठरवलेलं नसतं. त्यात लबाडी नसते. बातम्या पाहून जीव कळवळलेला असतो आणि घाईघाईत पाटी रंगवलेली असते. पण या एका शब्दानं केवढा फरक पडतो ते बघा.

समजा तुम्ही 20 पौंडांचं जेवलात. त्यातले 3 पौंड 33 पेन्स व्हॅटचे, ते सरकारजमा. उरलेल्या 16 पौंड 67 पेन्समधून किराणा, पगार, भाडं, गॅस-वीज वजा जाता मालकाच्या हाती दीड पौंड उरला असं धरू. (तेवढाही न उरणारे मला ठाऊक आहेत.) व्हॅट सोडून उरलेल्या विक्रीचे 10 टक्के द्यायचे तर 1 पौंड 67 पेन्स जातील, म्हणजे त्याचा सगळा नफा आणि वर पदरचे 17 पेन्स. नफ्याचे 10 टक्के म्हटले तर 15 पेन्स. पाटी मात्र दोन्हीकडे तीच.

हेच 20 पौंड तुम्ही थेट दिलेत तर? इथं आयकर भरत असाल आणि देणगीच्या अर्जावर ‘गिफ्ट एड’च्या (देणगीवरच्या करसवलतीच्या) खणात खूण केलीत, तर सरकार वर 5 पौंड घालतं, संस्थेला मिळतात 25. जेवणाच्या बिलावर गिफ्ट एड मिळत नाही, कारण ती देणगी नाही, खरेदी आहे. शिवाय मोठ्या आपत्तीत ‘डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी’, म्हणजे डीईसी, आवाहन करते. 1963 पासून चालत आलेली, मोठ्या मदतसंस्थांची ही सामाईक झोळी. 6 फेब्रुवारी 2023 च्या तुर्की-सीरिया भूकंपाच्या वेळी आणि 28 मार्च 2025 च्या म्यानमारच्या भूकंपाच्या वेळीही, जनतेच्या पहिल्या 50 लाख पौंडांना सरकारनं तेवढीच जोड दिली होती. अशी जोड पहिल्या काही दिवसांतच संपते. म्हणून आपत्ती ताजी असेल आणि प्रश्न फक्त पैशांचा असेल, तर घरी पिठलं-भात खा आणि फोनवरून पैसे पाठवा. तिथं हॉटेल थेट देणगीच्या जवळपासही येत नाही.

अडचण अशी की आपण पाठवत नाही. ‘उद्या बघू’ म्हणतो, आणि उद्या दुसरी बातमी येते. बिलावर घातलेला एक ऐच्छिक पौंड नेमका इथं कामाला येतो. लंडनकरांना ‘स्ट्रीटस्मार्ट’ माहीत असेल. 1998 पासून नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येक टेबलाच्या बिलावर एक पौंड, इथल्याच बेघरांसाठी. परदेशातल्या आपत्तीसाठीही हीच रीत मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. पैसा गिऱ्हाइकाचा, रक्कम छापील, नको असेल तर काढायला सांगता येतं, आणि खरोखर ऐच्छिक असल्यानं त्यावर व्हॅट नाही. ताटाच्या किमतीतच सक्तीनं मिसळला तर मात्र त्याच पौंडावर व्हॅट बसतो. काउंटरवरचा देणगीचा डबा हा याचाच गरीब भाऊ. हल्ली रोकड बाळगतो कोण?

एक सावधगिरी. कुठं ‘आजच्या सगळ्या टिपा मदतीला’ असं लिहिलं असेल तर ते वेटरांनी ठरवलंय का, हे विचारा. ऑक्टोबर 2024 पासून इथल्या कायद्यानं टिपा कामगारांच्या आहेत. मालकानं परस्पर दान करायची ती गोष्ट नाही.

वस्तू गोळा करण्याबद्दल माझं मत कडक आहे. 2023 मध्ये उत्तर लंडनच्या तुर्की-कुर्दी वस्तीत कोट आणि ब्लँकेटांचे ढीग लागले. त्यामागची माया खरी होती, ऐन थंडीत गरजही होती, आणि त्यांची माणसं दोन्ही टोकांना होती, इथं पाठवायला आणि तिथं वाटायला. आपल्याकडे तसं टोक नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. 2004 च्या सुनामीनंतर तमिळनाडूतल्या नागपट्टणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. देणाऱ्याचं कपाट रिकामं झालं, एवढाच त्याचा उपयोग.

राहता राहिली तिकीट लावून केलेली जेवणावळ. पैशांच्या हिशेबात ती मध्येच कुठेतरी बसते, पण हिशेबाबाहेर तिची गंमत आहे. 2022 मध्ये ओलिया हर्क्युलिस आणि अलिसा तिमोश्किना या खाद्यलेखिकांनी ‘कुक फॉर युक्रेन’ सुरू केलं ते युनिसेफच्या मदतीसाठी. आपत्ती तिथं युद्धाची होती, पण रीत हीच. एरवी ज्यांना बोर्श्ट (युक्रेनचं बिटाचं सूप) काय ते ठाऊक नव्हतं, अशी माणसं ते शिजवू लागली. भूकंपाच्या बातमीतल्या गावाचं जेवण तोंडात गेलं की ते गाव नकाशावरचा ठिपका राहत नाही. तिकिटाचे दोन भाग करावेत: जेवणाची रास्त किंमत वेगळी आणि देणगी वेगळी, देणगी न देणाऱ्यालाही पान वाढायचं. असं केलं तर देणगीच्या भागावर गिफ्ट एड मिळू शकतं. आणि जेवणावळ पहिल्या आठवड्यात नको, तिसऱ्या महिन्यात घाला. तेव्हा सरकारी जोड संपलेली असते, कॅमेरे गेलेले असतात आणि लोक मात्र अजून तंबूतच असतात.

तुमचं स्वतःचं हॉटेल किंवा डब्यांचा धंदा असेल तर अजून एक. इंग्लंड-वेल्समध्ये ‘विक्रीतला अमुक वाटा अमक्या संस्थेला’ असं जाहीर करायचं तर 1992 च्या चॅरिटीज अ‍ॅक्टप्रमाणे त्या संस्थेशी आधी लेखी करार लागतो, आणि किती रक्कम जाणार किंवा ती कशी ठरणार हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. एवढ्या कागदांचा कंटाळा येत असेल तर पाटी लावूच नका. रात्री गल्ला मोजून झाला की जमेल तेवढे स्वतःचे पैसे पाठवून द्या.