ईआरपीनेक्स्ट: आठ महिन्यांनंतर, अंबडच्या शेडमधून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं टर्निंग-मिलिंगचं छोटं युनिट आहे, 22 माणसांचं. ईआरपीनेक्स्ट या स्टॉक, बिलं आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो ते आधीच्या सॉफ्टवेअरने पोळल्यावर. तिथे रिन्यूअल परवडेना म्हणून डेटा मागितला, तर 4 वर्षांची चलनं पीडीएफमध्ये हातात पडली! पार्टी आणि आयटमची यादी एक्सेलमध्ये मिळाली, पण जॉब वर्कला, म्हणजे बाहेरच्याकडे काम करून घ्यायला गेलेला कुठला माल कुठल्या चलनावर परत आला, तो धागाच तुटलेला. जीएसटीत असा कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. सातपूरच्या प्लेटिंगवाल्याच्या वह्या मांडून स्टोअरचा पोरगा आणि मी तीन सुट्ट्या ते जुळवत बसलो.

म्हणून या वेळी आत शिरण्याआधी बाहेर पडून बघितलं. ट्रायलमध्ये 20 आयटम, 10 बिलं भरली, एका आयटमला ड्रॉइंग जोडलं, बॅकअप घेतला आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर चढवला. बिलं आली, ड्रॉइंग गायब. फाइलींसकट बॅकअप मुद्दाम सांगून घ्यावा लागतो, हे तेव्हा कळलं. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्शन की, म्हणजे कुलुपाची किल्लीही जपायची, नाहीतर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापेचं, जीपीएल परवान्याचं, म्हणजे कोड खुला, कोणीही वापरावा, बदलावा. होस्टिंग त्यांचं घ्या नाहीतर स्वतःचा सर्व्हर लावा. आम्ही भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो. जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स हे ॲप वेगळं टाकावं लागतं. स्टॉक आणि जॉब वर्कवर मी खूश. अकाउंटंट ताई अजून कुरकुरतात, टॅलीत त्यांची बोटं न बघता चालायची.

फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. हौसेने 24 कस्टम स्क्रिप्ट, म्हणजे आमच्या सोयीचे छोटे प्रोग्राम, लिहून घेतल्या, त्याही एकाच पोराकडून. तो पुण्याला नोकरीला गेला आणि पुढच्याच अपडेटला चलनाची प्रिंट कोरी येऊ लागली. दोष आमच्याच स्क्रिप्टचा, पण ती वाचणारं इथे कोणी नाही. दोन दिवस चलनं हाताने लिहिली. परवाना कितीही मोकळा असो, आम्ही त्या पोराच्या फोनला बांधलेलेच होतो.

आता 6 स्क्रिप्ट उरल्यात, प्रत्येकीवर मराठीत टीप आहे. दर तीन महिन्यांनी बॅकअप त्याच लॅपटॉपवर चढवतो. मागच्या खेपेला 40 मिनिटं लागली, ड्रॉइंगसकट.