सकाळचा रेडिओ आणि खड्ड्यांची गाणी: रेड एफएमच्या उचापतींचे परीक्षण

रेडिओ वाहिनीचे परीक्षण करताना साधारणपणे गाण्यांची निवड, जाहिरातींचे प्रमाण आणि निवेदकाची भाषा पाहिली जाते. परंतु मुंबईच्या रेड एफएम ९३.५ या वाहिनीवर निवेदिका मलिष्का सकाळी जो कार्यक्रम करीत असे, त्याचे मोजमाप त्यातील उचापतींवरूनच करावे लागते, कारण ‘बजाते रहो’ म्हणणाऱ्या या वाहिनीने आपली ओळख त्यांतूनच घडवली. गाण्यांचे म्हणाल तर तीच हिंदी गाणी शेजारच्या वाहिन्यांवरही लागत.

जुलै २०१७ मधील विडंबनगीत या सगळ्यांत उजवे ठरते. त्या वर्षी ‘सोनू’चे गाणे घरोघरी वाजत होते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी शेवटचे शब्द उचलून धरायचे, अशी त्याची सोपी घडण होती. मलिष्का आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याच चालीवर खड्डे आणि वाहतुकीची कोंडी यांवरून मुंबईला विचारले की, तुझा महापालिकेवर भरोसा नाही काय? आवाज फार तयारीचा नव्हता आणि यमकेही ओढूनताणून जुळवलेली होती. पण पावसाळ्यात बेस्टच्या बसमध्ये हाडे खिळखिळी करून घेणाऱ्या माणसाला सुरापेक्षा विषय महत्त्वाचा वाटला, यात नवल नाही.

खरी प्रसिद्धी मात्र वाहिनीला महापालिकेनेच फुकटात मिळवून दिली. तेव्हा पालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली, शिवसेनेकडून प्रत्युत्तरादाखल दुसरे गाणे रचले गेले, आणि पालिकेच्या पथकाने मलिष्काच्या घरी साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधून नोटीस बजावली. ही तत्परता खड्ड्यांच्या वाट्याला आली असती, तर गाण्याचे कामच उरले नसते. कोणत्याही जाहिरात कंपनीला एवढा गाजावाजा विकत घेता आला नसता.

असली थेरे कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. रस्त्याच्या कंत्राटाचे काय झाले, हे निवेदिकेला बातमी म्हणून सांगता येत नाही, पण विडंबन म्हणून गाता येते. त्यामुळे या पोरकटपणामागे थोडी अपरिहार्यताही आहे.

शिवाय खर्च कोणाच्या माथी पडला, हेही पाहावे लागते. अमेरिकेत १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सकाळच्या कार्यक्रमाने, अध्यक्ष क्लिंटन यांनी विमानतळावर उभ्या विमानात केस कापून घेतल्याची टर उडवण्यासाठी, ऐन गर्दीच्या वेळी बे ब्रिजवर गाडी उभी करून केशकर्तन केले आणि हजारो प्रवाशांना अडकवून ठेवले. २००७ साली सॅक्रामेंटोच्या केडीएनडी वाहिनीने तर लघवीला न जाता पाणी पीत राहण्याची स्पर्धा भरवली, बक्षीस होते व्हिडिओ गेम खेळण्याचे एक यंत्र. तीत भाग घेतलेली तीन मुलांची आई मरण पावली, आणि पुढे २००९ मध्ये ज्यूरीने तिच्या कुटुंबाला १ कोटी ६५ लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली. त्या मानाने मलिष्काच्या चेष्टेचा भुर्दंड श्रोत्याला किंवा वाटसरूला सोसावा लागला नाही. झळ बसली ती सत्ताधाऱ्यांना आणि काही अंशी तिला स्वतःला.

पुढच्या आवृत्त्यांना मात्र तितके गुण देता येणार नाहीत. २०१८ मध्ये ‘झिंगाट’च्या चालीवर पुन्हा खड्डेच आले, तेव्हा धक्का ओसरला होता आणि श्रोता पुढची ओळ आधीच ओळखू लागला होता. २०१९ मध्ये नव्या नवरीसारखी नटून, खड्ड्यांना चंद्रावरील विवरे मानून चंद्राच्या गाण्यांवर केलेली चित्रफीत कल्पनेने चांगली होती, पण ती पाहण्याची गोष्ट होती. पहिले गाणेही मोबाइलवरूनच सर्वाधिक फिरले, हे खरे. तरी ते डोळे मिटून ऐकले तरी उभे राहत असे.

पाचपैकी २०१७ ला साडेचार, २०१८ ला अडीच आणि २०१९ ला, रेडिओ म्हणून, दोन. सकाळी केवळ निवांत मराठी ऐकायचे असेल, त्यांनी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावावी.