सीलबंद क्रोम कॅसेटच्या वेष्टनात साधी टेप : नाशिककरांनो, जपा

ज्यांच्या घरी अजून कॅसेट डेक चालू आहे आणि जे कोऱ्या कॅसेट शोधत असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'टीडीके एसए आणि मॅक्सेल यूडी-एक्सएल टू, सीलबंद, जुना माल' म्हणून (दोन्ही क्रोमच्या जातीच्या टेप) नाशकात एकजण कॅसेट विकतोय. माझे त्यात साडेचार हजार गेले.

पंचवटीतल्या आमच्या हार्मोनियमच्या गुरुजींच्या जुन्या शिकवण्या टेपवर आहेत. त्या टेप आता खराब होत आल्यात, आणि गुरुजी टेपरेकॉर्डरशिवाय कशावर ऐकत नाहीत. त्या चांगल्या टेपवर उतरवायच्या होत्या. विक्रेता सीबीएस बसस्थानकाजवळ भेटला. वडिलांचं दुकान होतं, माळ्यावर खोकं सापडलं, म्हणाला. एखादी उघडून दाखवा म्हटल्यावर, "सर, सील तुटलं की निम्मी किंमत गेली. पुण्याचं गिऱ्हाईक थांबलंय." पैसे यूपीआयने घेतले.

पारदर्शक कागदातून मी खाचा तपासल्या होत्या. कॅसेटच्या मागच्या कडेला रेकॉर्डिंग पुसू नये म्हणून तोडायच्या प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्यांना लागून आणखी एकेक खाच असली की टाइप टू, म्हणजे क्रोमच्या जातीची टेप. कडेच्या मधोमधही खाचा असल्या की मेटल. साध्या फेरिक, म्हणजे लोह-ऑक्साइडच्या टेपला या जादा खाचा नसतात. या सगळ्यांना टाइप टूच्या खाचा बरोबर होत्या, कारण वरची कवचं खरीच एसए-मॅक्सेलची होती. आतली टेप बदललेली होती! खाच कवचाला असते, टेपला नाही, आणि या माणसाचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

डेकही असाच फसतो. खाच पाहून तो टाइप टूचा बायस (रेकॉर्ड करताना आवाजासोबत टेपला दिला जाणारा जादा सिग्नल) देतो, तो फेरिकच्या मानाने बराच जास्त असतो. साध्या टेपला तेवढा बायस दिला की वरचे सूर मरतात. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हार्मोनियम गोधडीखाली ठेवल्यासारखी वाजत होती आणि तंबोऱ्याची जवारी तर गायबच. डेकचं हेड पुसलं, दुसरा डेक लावला, तरी तेच. पुढे एक बाजू ४५ मिनिटांच्या बरीच आधी संपली, तेव्हा स्क्रू काढून कॅसेट उघडली.

टेप फिकट तपकिरी होती. एसए १९७५ पासूनची, कोबाल्ट चढवलेल्या कणांची; तिचा रंग बराच गडद, काळपट असतो. रंगावरून जात शंभर टक्के ठरत नाही, काही चांगल्या फेरिकही गडद असतात, पण खरी एसए शेजारी धरली की फरक लपत नाही. मॅक्सेलच्या लीडरवर, म्हणजे टेपच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर, बाण आणि बाजूचं अक्षर छापलेलं असतं. इथे कोरा पांढरा लीडर. पाचही स्क्रूंच्या खाचा पेचकसाने खरवडलेल्या. वेष्टनही घरचंच असणार. कारखान्याचं वेष्टन बहुधा टोकांना पाकिटासारखं दुमडलेलं असतं आणि फाडायला बारीक पट्टी असते. याला कडेने जोडाची रेघ होती आणि बारीक भोकं, म्हणजे गरम हवेने आवळलेलं प्लास्टिक.

फोन केला तर म्हणाला, "हवामानाने टेप खराब होते, साहेब." नंतर नंबर ब्लॉक. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, व्यवहाराचा पुरावाही दिला आहे. तुमचंही असं झालं असेल तर तिथे लगेच फोन करा, उशीर केला तर पैसे पुढे सरकतात.

सीलबंद मालाला आपण जास्त पैसे देतो आणि त्याच सीलमुळे आत बघता येत नाही. वापरलेली पण उघडी एसए घ्या, खिडकीतून टेपचा रंग बघा, पेन्सिलीने थोडी फिरवून लीडर बघा, विक्रेत्यासमोर पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. खरा माल असणारा माणूस एवढं करू देतो. फोनवर व्यवहार असेल तर मागच्या कडेचा, स्क्रूंचा आणि वेष्टनाच्या दुमडीचा जवळून फोटो मागा. या माणसाच्या जाहिरातीत सगळे फोटो समोरूनच काढलेले आहेत.